राऊटरने गोल ठेवलेला कोपरा: बिजागरीच्या खाचेसाठी कोणतं हत्यार घ्यावं?

राऊटर, म्हणजे फिरत्या बिटने लाकूड कोरणारं यंत्र, बिजागरीची खाच झटक्यात काढतो, पण आतले दोन कोपरे गोल ठेवून जातो. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी बिजागरी, पितळी असो की स्टीलची, बहुतेक काटकोनी कोपऱ्यांची असते. त्यामुळे ते कोपरे हाताने काढावेच लागतात. नळीकडची बाजू उघडी असल्यामुळे एका खाचेला दोनच कोपरे येतात, तरी तीन बिजागऱ्यांच्या एका दाराला सहा दारात आणि सहा चौकटीत असे १२ कोपरे भरतात. यातला एक जरी बिघडला तरी बिजागरीचं पातं नीट बसत नाही, आणि पॉलिश झाल्यावर ती फट जन्मभर दिसते.

आमचा कौल आधीच सांगतो. रुंद, कडा उतरलेली आणि पाठ सपाट केलेली साधी पटाशी घ्या. याच कामासाठी म्हणून विकली जाणारी स्प्रिंगची कॉर्नर चिझेल बहुतेकांना लागत नाही.

कारण मापात आहे. १२ मिमीचा बिट ६ मिमी त्रिज्येचा गोल कोपरा सोडतो. त्यात खऱ्या कोपऱ्यापासून गोलाईपर्यंतचं तिरकं अंतर जेमतेम २.५ मिमी असतं. समजा बिजागरीच्या पात्याची रुंदी ३० मिमी आहे. मग खाचेच्या आखूड भिंतीवर राऊटरने सरळ कापलेला भाग २४ मिमी उरतो. या भिंतीला २५ मिमीची पटाशी पाठ टेकवून धरली आणि कोपऱ्यापर्यंत सरकवली, की तिची १९ मिमी पाठ सरळ भिंतीवर टेकलेली राहते आणि उरलेली ६ मिमी धार लाकडात जाते. सरळ रेषा राऊटरने आधीच आखून दिलेली असते, पटाशी फक्त ती पुढे नेते. इथे ६ मिमीची पटाशी घेतली तर टेकायला काहीच उरत नाही. हात हलेल तशी धार हलते आणि भिंत नागमोडी होते. कोपरा लहान म्हणून पटाशी लहान घ्यायची, ही चूक बरेच जण करतात आणि काम तिथेच बिघडतं.

रुंद पटाशीचा आणखी एक फायदा आहे. तिची धार जास्तकरून रिकाम्या खाचेवर असते. कोपरा पुरेसा खोल कापला गेला की ती उरलेली धार खाचेच्या तळाला टेकते आणि पटाशी थांबते. अरुंद पटाशी मात्र तळाखालीही घुसते, पात्याच्या कोपऱ्याखाली खळगा पडतो आणि तिथला आधार जातो. अर्थात रुंद पटाशीचाही एक तोटा आहे. लाकडाचा विरोध धारेच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे मुठीवर जोरात मारलं की पटाशी रिकाम्या बाजूला कलंडते. म्हणून पटाशीचं पातं खाली धारेजवळ बोटांनी धरावं आणि लाकडी हातोड्याच्या हलक्या टिचक्या द्याव्यात. चार इंची बिजागरीला २५ मिमी, तीन इंचीला १८ किंवा २० मिमी, आणि कपाटाच्या दोन इंची पितळी बिजागरीला १० ते १२ मिमी रुंदी पुरते. सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोजणाऱ्यांसाठी: आठ सुती, सहा सुती आणि चार सुती.

दुकानात पटाशी हातात घेतल्यावर आधी पाठ पाहा. स्टीलची पट्टी पाठीवर उभी धरून उजेडाकडे करा. मधे फुगीर दिसली तर ती पटाशी ठेवून द्या, कारण फुगीर पाठ भिंतीवर डुगडुगते आणि घासून सपाट करण्यात निम्मा दिवस जातो. किंचित खोलगट असेल तर चालेल, धारेजवळचा २५-३० मिमी भाग दगडावर लवकर सपाट होतो. त्यानंतर बाजूच्या कडा पाहा. कडा उतरलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पटाश्यांची कड धारेजवळ दोन-तीन मिमी जाडच असते, आणि पटाशी जराशी तिरकी झाली की हीच कड शेजारची भिंत चेपते. शेवटी मूठ आणि पातं एका रेषेत आहे का ते पाहा.

ब्रँडचं बोलायचं तर चेक प्रजासत्ताकातल्या नारेक्सची पटाशी या कामाला पुरेपूर आहे. क्रोम-मँगनीज पोलाद, कठीणपणा रॉकवेल मापात ५९ एचआरसीच्या आसपास, आणि धार दगडावर पटकन येते. अमेरिकेतल्या ली-नील्सनच्या पटाश्या ए-२ पोलादाच्या आहेत. कडा अगदी बारीक, पाठ पेटीतूनच सपाट येते आणि धारही जास्त टिकते. मात्र हे पोलाद ३० अंशांपेक्षा कमी कोनावर धार लावली तर कडेला बारीक तुटतं. नुसत्या बिजागऱ्यांच्या कोपऱ्यांसाठी एवढा खर्च करायची गरज नाही. गाडीच्या कमानपट्ट्यातून लोहाराने घडवलेली पटाशीही आम्ही कमी लेखत नाही. ती चिवट असते आणि मार खाते. फक्त तिला पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, सगळीकडे सारखं बसलंय का, हे धार लावल्यावरच कळतं, आणि पाठ सपाट करायला बराच वेळ द्यावा लागतो.

धार ३० अंशांची ठेवा. सागवानात सिलिका असते, ती धार भराभर खाते. एका दाराचे कोपरे काढून झाले की पुन्हा दगडावर चार-पाच हात मारावेच लागतात. वॉटर स्टोन, म्हणजे पाणी लावून वापरायचे धारेचे दगड, नसतील तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा. पाठीसाठी २२० पासून सुरू करून ४००, १००० आणि २००० पर्यंत जा. धार लागली की नाही हे मऊ लाकडाच्या आडव्या कापावर तपासा. तिथे भुसा न पडता अखंड, चकचकीत पापुद्रा निघाला पाहिजे.

आता कॉर्नर चिझेल. हिला काटकोनी पातं, वर स्प्रिंग आणि बाहेरून धातूचा ठोकळा असतो. ठोकळ्याच्या दोन बाजू खाचेच्या दोन सरळ भिंतींना टेकवायच्या आणि वरून हातोडीने मारायचं. एमडीएफमध्ये ती छान चालते, कारण तिथे लाकडाच्या तंतूंची रेषाच नाही. एकाच बिटने ओळीने वीस-तीस दारं करायची असतील तर वेळही वाचतो. खऱ्या लाकडात मात्र तिची अडचण होते. ती रेषेला आडवा आणि रेषेसोबत असे दोन्ही काप एकाच ठोक्यात घेते. रेषेसोबत जाणारी धार पाचरीसारखी काम करते. ३५ मिमीच्या दारात ३० मिमीचं पातं बसवलं तर मागे फक्त ५ मिमीची भिंत उरते, आणि नेमकी तीच तडकते. शिवाय धार लावायची पंचाईत. आतला काटकोन साध्या दगडावर घासता येत नाही, टोकदार कडेची डायमंड कानस लागते. दोन्ही पाती धारदार होतात आणि मधला कोन बोथट राहतो, आणि खाचेचा कोपरा तर त्या मधल्या कोनानेच कापायचा असतो. खोली ३ मिमी असेल तर कडक सागवानात एका ठोक्यात उतरत नाही, अडकते, आणि ओढून काढताना भिंतीची कड उचकटते.

खाचेचा तळ हाताने सपाट करणारा छोटा राऊटर-रंधा, म्हणजे स्टॅन्लीच्या जुन्या २७१ नंबरच्या धर्तीचा, फार सुंदर हत्यार आहे. पण राऊटरने काढलेल्या खाचेत त्याला काम उरत नाही, तळ आधीच सपाट असतो. पूर्ण खाच हाताने काढणाऱ्यांनी मात्र तो जरूर घ्यावा.

कृती अशी. बिजागरी जागेवर ठेवून तिच्याभोवती मार्किंग नाइफने रेघ मारा, पेन्सिलीने नको. पटाशीची धार त्या रेघेत आपोआप बसते. आधी आखूड भिंत, म्हणजे रेषेला आडवा काप. रेषा तुटल्या की पुढची चीर तिथेच थांबते. हा क्रम उलटा केला तर लांब भिंतीवरची चीर कोपरा ओलांडून पुढे पळते. एका वेळी १ मिमीच खाली जा. धारेचा उतार खाचेकडे असल्यामुळे लाकूड पटाशीला मागे, भिंतीत ढकलतं. एकदम खोल गेलात तर रेघ बाहेर सरकते आणि कोपऱ्याशी केसाएवढी फट राहते. मग लांब भिंत, तिथे हातोडा अजिबात नको. तळहाताच्या जोराने पटाशी दाबा आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला क्लॅम्पने एक ठोकळा आवळून ठेवा. नंतर पटाशी पाठीवर आडवी घालून तळातून ढलपी उचला. ३ मिमीच्या खाचेला हे तीनदा करावं लागतं.

भिंत सरळ उभी हवी. तळाकडे ती आत झुकली तर पातं उतारावर चढतं, वरून बसल्यासारखं दिसतं आणि स्क्रू आवळला की एका कोपऱ्यात उचललं जातं. तळाच्या कोपऱ्यात राहिलेला एखादा दाणाही हेच करतो. म्हणून स्क्रू लावण्याआधी पातं ठेवून चारही टोकं अंगठ्याने दाबून पाहा. कुठे टकटक झाली तर तिथे अजून लाकूड आहे.

हे सगळं कमी करायचा मार्ग राऊटरपाशीच आहे. ट्रिमरला, म्हणजे लहान राऊटरला, ६ मिमीचा बिट लावून कोपरे फिरवले तर त्रिज्या ३ मिमीवर येते आणि तिरकं अंतर २.५ वरून १.२ मिमीवर. टेम्प्लेटवर, म्हणजे खाचेच्या आकाराच्या साच्यावर, काम असेल तर मिळेल तितक्या लहान व्यासाचा बेअरिंगवाला बिट घ्या. फेऱ्या वाढतात, पण पटाशीचं काम निम्म्याहून कमी होतं. काही जण लाकूड तसंच ठेवून बिजागरीचेच कोपरे कानसीने गोल करतात. भरीव पितळेला ते चालतं, पाच मिनिटांचं काम आहे. स्टेनलेस स्टील कानस खातं, आणि मुलामा दिलेल्या बिजागरीचा मुलामा कापलेल्या कडेवरून जातो, मग पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो.