कुटुंबाच्या प्रवासासाठी कोणतं कार्ड: कॅशबॅक, विमानाचे माइल्स की हॉटेलचे पॉइंट?

क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर जग फिरण्याचे बहुतेक सल्ले एकट्या-दुकट्या प्रवाशांसाठी असतात. त्यांना एक सीट हवी असते आणि तारीख दोन आठवडे पुढे-मागे झाली तरी चालते. कुटुंबाला चार सीट लागतात, त्याही एकाच विमानात, आणि तारखा शाळेच्या सुट्टीवर ठरतात. म्हणून तुलना या चार सीटपासूनच सुरू करायला हवी.

त्याआधी एक अट. दरमहा पूर्ण बिल भरत असाल तरच पुढचं वाचा. परतावा खर्चाच्या एक ते पाच टक्के मिळतो आणि थकबाकीवरचं व्याज त्याच्या कितीतरी पट असतं. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून पॉइंट गोळा करणं म्हणजे प्रवास उधारीवर आणि तोही महाग करणं.

विमान कंपनीचं नाव असलेल्या को-ब्रँडेड कार्डांची, म्हणजे खर्चावर त्या कंपनीचे माइल्स (तिकिटासाठी वापरायचे पॉइंट) देणाऱ्या कार्डांची, जाहिरात सर्वांत आकर्षक असते आणि कुटुंबाची निराशाही इथेच जास्त होते. ठरावीक अंतराला ठरावीक माइल्स, असे तक्ते पूर्वी असायचे. अमेरिकेच्या डेल्टा विमान कंपनीने ते २०१५ मध्ये काढून टाकले, युनायटेडने २०१९ मध्ये. आता अनेक कंपन्यांत माइल्सची किंमत भाड्यासारखीच मागणीनुसार हलते, म्हणजे सुट्टीच्या दिवसांत नेमकी चढते. शिवाय पाच वर्षांच्या मुलाच्या सीटला बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाइतकेच माइल्स जातात. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूसारखे काही माइल्स कार्यक्रम दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना २५ टक्के सवलत देतात, पण तो अपवाद. मांडीवरच्या दोन वर्षांखालच्या बाळासाठी आंतरराष्ट्रीय प्रवासात अनेक कंपन्या रोखीच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के मागतात. तुमचं तिकीट माइल्सवर बिझनेस क्लासचं असेल तर ते दहा टक्केही बिझनेस क्लासच्या भाड्याचेच.

मग कर आणि इंधन अधिभार. चलन कुठलंही धरा. रोखीचं भाडं ४००, माइल्सच्या तिकिटावर कर व अधिभार १२० आणि माइल्स २०,०००. वाचले २८०, म्हणजे एका माइलची किंमत ०.०१४. कार्ड त्याच चलनातल्या एका रुपया-डॉलरच्या खर्चामागे दीड माइल देत असेल तर परतावा पडला २.१ टक्के. दोन टक्के कॅशबॅक देणाऱ्या साध्या कार्डाच्या हा जेमतेम पुढे आहे, आणि तोही सीट मिळाल्या तर. आवडत्या मार्गाचं एक तिकीट घेऊन हा हिशोब घरी करून पाहाच, जाहिरातीतला बोनसचा आकडा त्यापुढे फारसा महत्त्वाचा राहत नाही.

तरीही माइल्सवरच जायचं ठरवलंत तर एक युक्ती उपयोगी पडते. चार जणांसाठी एकत्र शोधलं आणि स्वस्त सीट दोनच शिल्लक असल्या, तर प्रणाली बऱ्याचदा चारही सीट महाग दराने दाखवते. आधी एकासाठी, मग दोघांसाठी शोधून बघा. दोन सीट माइल्सवर, दोन रोखीने, हा मार्ग अनेक कुटुंबांना परवडतो. फक्त बुकिंग वेगवेगळी झाल्याने प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस त्याच बुकिंगमध्ये ठेवा, म्हणजे वेळापत्रक बदललं तरी मूल एकटं पडत नाही.

हॉटेलच्या पॉइंटांचं गणित उलटं आहे, आणि माझ्या मते कुटुंबासाठी तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. माणसं वाढली की सीट वाढतात, पण लहान मुलांसह खोली बऱ्याचदा एकच पुरते. तेवढ्याच पॉइंटांत चौघं झोपतात. मॅरियट हॉटेलांच्या बॉन्वॉय या पॉइंट कार्यक्रमात पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर त्यातली एक मोफत मिळते. हिल्टन आणि हयात पूर्ण पॉइंटवरच्या मुक्कामाला रिसॉर्ट फी (खोलीच्या भाड्याशिवाय हॉटेल वेगळं घेतं ते शुल्क) लावत नाहीत. हिल्टनमध्ये घरच्यांचे पॉइंट एका खात्यात जमाही करता येतात. मात्र खोलीत जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात हे बुक करतानाच पाहा. काही देशांत साध्या खोलीत तिसऱ्या माणसालाही परवानगी नसते, आणि दुसरी खोली घ्यावी लागली की सगळा फायदा संपला. मुलं मोठी झाली, स्वतंत्र खोली मागू लागली, तरीही हेच होतं.

कॅशबॅकमध्ये थरार नाही, पण तो कोणत्याही विमानाला, रेल्वेला, आजीच्या तिकिटालाही लागतो. पॉइंटांचं मूल्य कंपनी कधीही घटवू शकते, रोख रकमेचं नाही. परदेशात वापरताना परकीय चलन शुल्क तेवढं पाहा. अनेक कार्डांवर ते तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि दोन टक्के कॅशबॅक गिळून वर एक टक्का खिशातून काढतं. दुकानातल्या कार्ड मशीनने ‘तुमच्या चलनात भरायचं का?’ विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा.

विमानतळावरच्या लाउंजसाठी कार्ड घेऊ नका. प्रवेश बऱ्याचदा फक्त कार्डधारकाला असतो, बाकीच्यांचे पैसे पडतात.

निवड अशी करावी. मुलं शाळेत जाणारी आणि प्रवास फक्त सुट्टीत होणार असेल तर मुख्य कार्ड कॅशबॅकचं. वर्षातून एक मोठा मुक्काम ठरलेला असेल आणि एका खोलीत मावत असाल तर सोबत एक हॉटेलचं कार्ड, पण त्या कार्डावर मिळणारी मोफत रात्र त्याच्या वार्षिक शुल्कापेक्षा महाग असेल तरच. मुलं अजून शाळेत जात नसतील, तारखा मोकळ्या असतील, किंवा दोघंच जाणार असाल, तर माइल्स. आणि यातलं काही नक्की नसेल तर बँकेचे असे पॉइंट घ्या, जे विमानाला आणि हॉटेललाही वळवता येतात. ते सीट डोळ्यांनी दिसेपर्यंत बँकेतच ठेवा, कारण वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. कार्ड बंद करताना मात्र उलटं: बँकेकडचे पॉइंट कार्डाबरोबर बुडू शकतात, म्हणून आधी ते वापरा किंवा वळवा आणि मगच बंद करण्याचा अर्ज द्या. विमान वा हॉटेलच्या खात्यात जमा झालेले पॉइंट साधारणपणे तिथेच राहतात, फक्त त्यांची मुदत तेवढी तपासा.