लग्न रद्द करायचे की विभक्तता घ्यायची?

घटस्फोटित हा शिक्का नको म्हणून घरातली मोठी माणसे दोन वाटा सुचवतात: लग्नच रद्द करून घ्या, नाहीतर कोर्टाकडून नुसती विभक्तता घ्या. दोन्ही सोयी १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात आहेत. मात्र एकाच जोडप्याला दोन्ही मोकळ्या असतात असे क्वचितच घडते. (लग्न विशेष विवाह कायद्याखाली झाले असेल तर कलमे निराळी. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो, तिथला हिशेबच वेगळा.)

आधी स्वतःला विचारायचे ते एवढेच, की तक्रार लग्नाच्या वेळची आहे की संसारातली? मारहाण, छळ, व्यभिचार, सोडून जाणे हे सगळे संसारातले. त्यावर लग्न रद्द होत नाही, कितीही लवकर कोर्टात गेलात तरी.

रद्द होण्याचेही दोन प्रकार आहेत. कलम ११खाली लग्न मुळातच शून्य असते: पहिली बायको किंवा नवरा हयात असून ते लग्न कायम होते, किंवा नाते कायद्याने निषिद्ध होते. मामाच्या मुलीशी लग्न केलेल्यांनी लगेच घाबरू नये. समाजात तशी रूढी असेल तर ते चालते. कलम १२ची लग्ने मात्र अर्ज करून रद्द करून घ्यावी लागतात, तोवर ती वैधच. नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न होणे, मनोविकारामुळे संमती देण्याची क्षमताच नसणे, जबरदस्ती, फसवणूक, लग्नावेळी दुसऱ्याकडून गर्भ असणे ही त्याची कारणे.

बहुतेकांची भिस्त फसवणुकीवर असते आणि तिथेच प्रकरणे अडतात. लपवलेली गोष्ट महत्त्वाची आणि समोरच्या व्यक्तीबद्दलची असावी लागते. पगार फुगवून सांगितला एवढ्यावर कोर्ट लग्न रद्द करेलच असे नाही. फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. त्याहून मोठा खड्डा पुढे आहे: सत्य कळल्यानंतर राजीखुशीने पुन्हा नवरा-बायको म्हणून राहिलात, तर या कारणाचा अर्ज कोर्ट ऐकतच नाही. ‘महिनाभर नांदून बघ, मग ठरवू’ असा प्रेमाचा सल्ला देणाऱ्यांना हे ठाऊक नसते. वकिलाला भेटायचे ते सासरी परत जाण्याआधी.

लग्न रद्द झाले तर मुलांचे काय, या भीतीला कायद्यात उत्तर आहे. कलम १६नुसार ती औरसच ठरतात आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांचा हक्क राहतो. पोटगीचेही दार बंद नाही. शून्य ठरलेल्या लग्नातही कायमची पोटगी मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये दिला. द्यायची की नाही, हे कोर्ट परिस्थिती पाहून ठरवते.

न्यायिक विभक्तता म्हणजे कलम १०. कारणे घटस्फोटाचीच लागतात, त्यामुळे पुरावे जमवण्याची मेहनतही तेवढीच. एकत्र राहण्याचे बंधन सुटते, लग्न मात्र टिकते. या काळात दुसरे लग्न केले तर तो गुन्हा. वारसाहक्कही शाबूत राहतो: अशा बायकोचा नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर ती विधवा म्हणूनच वाटा मागू शकते. म्हणून उतारवयात, किंवा घटस्फोट मनाला पटत नसेल तर, या वाटेत अर्थ आहे. लग्नाला वर्ष व्हायचे असेल तरीही ती उपयोगी पडते, कारण घटस्फोटाच्या अर्जाला पहिल्या वर्षात सहसा मनाई असते, विभक्ततेला नाही.

पण दुसरे लग्न करायचे हे मनात पक्के असेल, तर माझ्या मते विभक्ततेत वेळ घालवू नये. निकालानंतर एक वर्ष सहवास सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही त्या आधारावर घटस्फोट मागू शकतो, ज्याच्याविरुद्ध निकाल गेला तोसुद्धा. म्हणजे फिरून घटस्फोटाचाच अर्ज, आणि कोर्टाच्या तारखा पहिल्यापासून. दोघेही राजी असाल आणि वर्षभर वेगळे राहत असाल, तर परस्पर संमतीचा घटस्फोट (कलम १३ब) बहुधा यापेक्षा लवकर पदरात पडतो.