दुधाचा पंप: सव्वा वर्ष वापरल्यानंतर

मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी आम्ही जर्मनीत आलो, तेही थेट खेड्यात. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातल्या होहेनलोहे भागात, कोखर नदीच्या खोऱ्यात आमचं गाव आहे. गावात दुकान नाही. पाववाल्याची गाडी आठवड्यातून दोनदा येते, सुपरमार्केट सात किलोमीटरवर. रविवारी तेही बंद आणि बसही नाही. अशा गावात नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येक मराठी घराला मी एकच गोष्ट आधी सांगते: जवळपास दुधाचा पंप कुठे आहे ते शोधा.

जर्मनमध्ये त्याला 'मिल्शटांकश्टेले' म्हणतात. टांकश्टेले म्हणजे पेट्रोल पंप, मिल्श म्हणजे दूध. गोठ्याच्या बाजूला लाकडी टपरीएवढी खोली, आत स्टीलचं कपाट. दार चोवीस तास उघडं. नाणी टाकायची, काचेचं छोटं दार वर सरकवून नळाखाली बाटली ठेवायची आणि हिरवं बटण दाबायचं. आत टाकीतलं दूध साधारण चार अंशांवर थंड ठेवलेलं असतं. मधूनमधून ढवळणी फिरल्याचा घर्र आवाज येतो, म्हणजे साय वर धरत नाही आणि प्रत्येकाच्या बाटलीत सारखं दूध येतं. आमच्या इथे लिटरला 1 युरो 30 सेंट पडतात. रिकामी काचेची बाटली हवी असेल तर शेजारच्या कपाटातून विकत मिळते. त्याच कपाटात अंडी, बटाटे आणि घरचा जॅमही असतो.

आल्यावर पहिले तीन महिने मी सुपरमार्केटचंच दूध आणत होते. पाकिटावर 3.5 टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो, म्हणजे दूध भेसळीचं किंवा पाणी घातलेलं मुळीच नाही. पण तापवून रात्रभर ठेवलं तरी सकाळी वर कागदासारखा पापुद्रा. मला वाटायचं मीच गॅस मोठा ठेवते. मग कळलं की इथलं बहुतेक दूध होमोजिनाइज केलेलं असतं. म्हणजे स्निग्धांशाचे कण इतके बारीक करतात की ते वर येऊन साय धरतच नाहीत. 'हा-मिल्श' नावाचं दूध तर 135 अंशांच्या वर तापवलेलं असतं, न फोडलेलं पाकीट फ्रिजबाहेरही काही महिने टिकतं. चहाला ही दुधं चालतात. पण आपल्या घरात दुधाचं पुढे बरंच काही व्हायचं असतं. साय, विरजण, ताक, लोणी, तूप. ते सगळं अडून बसलं होतं.

पंपावरचं दूध पहिल्यांदा तापवलं तो दिवस मला नीट आठवतो. मंद आचेवर उतू जाऊ न देता वर आणलं आणि झाकणाऐवजी चाळणी ठेवून निवू दिलं. सकाळी उलथन्याने कड सोडवली तर अख्खी साय गोल पोळीसारखी उचलून आली, पिवळसर, जाड. मी आईला व्हिडिओ कॉल करून ती दाखवली. आई म्हणाली, "अगं, ही तर आपल्या गायीच्या दुधासारखीच आहे." म्हशीच्या दुधाची दाट साय मात्र इथे मिळणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

आठवड्याला सात लिटर दूध आणते. त्याच्या सायीचं विरजण लावून घुसळलं की जेमतेम एक वाटी तूप होतं. उन्हाळ्यात गायी हिरव्या गवतावर असतात तेव्हा ते छान पिवळं, हिवाळ्यात फिकं. दुकानात 'बुटरश्माल्झ', म्हणजे तयार तूप, मिळतं, तळणाला चांगलं आहे, पण वरणभातावर मला घरचंच लागतं. विरजणाला इथलं कुठलंही साधं योगर्ट चालतं. हिवाळ्यात ओट्यावर दही लागत नाही, म्हणून भांडं ओव्हनमध्ये ठेवून फक्त आतला दिवा लावते. सकाळपर्यंत कवडी पडते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मशीनवर पाटी असते: 'कच्चं दूध, पिण्याआधी उकळा'. ती कायद्याने लावावीच लागते. असं दूध फक्त ज्या गोठ्यात काढलं तिथेच विकता येतं, म्हणून हे मशीन सुपरमार्केटच्या दारात कधी दिसणार नाही. बाबा गेल्या जूनमध्ये आले होते. त्यांचं अर्धं आयुष्य कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्यात गेलेलं. त्यांनी नळाखाली थेट ग्लास धरला. मी त्यांना पिऊ दिलं नाही. कच्च्या दुधात ईहेक आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांनी तर ते कच्चं पिऊच नये. बाबा सत्तरीचे. घरी येऊन उकळून दिलं, तेव्हा ते शेवटचा थेंब संपवून म्हणाले, "दूध सकस आहे."

उणिवा आहेत, त्या सांगायलाच हव्यात. कार्ड चालत नाही आणि सुटे परत मिळत नाहीत. एकदा दोन युरोचं नाणं मशीनने गिळलं. पाटीवरच्या नंबरवर फोन केला, तर मालकीणबाई रबरी बूट घालून गोठ्यातून आल्या आणि खिशातून दोन युरो काढून दिले. लिटरपेक्षा उंच बाटली नळाखाली बसत नाही. रविवारी सकाळी दहानंतर टाकी बऱ्याचदा रिकामी असते, कारण दुपारच्या केकसाठी सगळं गाव दूध नेतं. आणि आपली बाटली गरम पाण्याने नीट धुतलेली नसेल तर दूध तापवताना नासतं. माझं दोनदा नासलं, त्याचं पनीर केलं.

त्या नाण्याच्या निमित्ताने मालकीणबाईंशी ओळख झाली, पुढे वर्षभराने त्यांनी अहो-जाहो सोडून मला 'दू', म्हणजे 'तू', म्हणायला सांगितलं. फेब्रुवारीत एक गाय व्याली तेव्हा मी चिकाबद्दल विचारलं. इथे त्याला 'बीस्टमिल्श' म्हणतात. त्या म्हणाल्या, आधी वासराचं पोट भरू दे. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी बरणी चीक दिला, पैसे घेतले नाहीत. बाबांनी आणलेला कोल्हापुरी गूळ आणि वेलदोडा घालून खरवस वाफवला, निम्म्या वड्या त्यांच्याकडे नेल्या. त्यांनी खाण्याआधी वास घेतला आणि म्हणाल्या, "हा तर आमच्या ख्रिसमसच्या बिस्किटांचा वास!" त्या दिवशी गोठ्याच्या दारात उभं राहून आम्ही तासभर बोललो. इथे आल्यापासून एवढं जर्मन मी कधी बोलले नव्हते.

तर जाताना एक आणि दोन युरोची नाणी, धुतलेल्या लिटरच्या बाटल्या आणि जाड कापडी पिशवी घेऊन जा. रविवारचं दूध शनिवारी संध्याकाळीच आणा. आणि घरी आल्या आल्या तापवायला ठेवा.