सुला सोव्हिन्यॉ ब्लाँ : साल बघून घ्या
नाशिकच्या सुलाची ही पांढरी वाईन साठवण्याची नव्हे, ताजी पिण्याची. म्हणून किमतीआधी बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षं कोणत्या वर्षीची ते, बघा. दोन वर्षांहून जुनी असेल तर राहू द्या. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली तर नकोच. उष्णतेनं हिरव्या मिरचीचा, नुकत्याच कापलेल्या गवताचा तो तरतरीत वास मरतो, आणि या वाईनची सगळी मजा त्यातच आहे. झाकण फिरकीचं, ओपनर लागत नाही. ८ ते १० अंशांना प्या. फार गार केली तर वास दबतो. तळलेली सुरमई, कोथिंबीर वडी यांच्यासोबत सुरेख लागते. झणझणीत रश्श्यासोबत मात्र आंबटपणा बोचतो. उघडल्यावर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.