थिंकपॅड टी४८०, आठ महिन्यांनंतर: सगळा जीव त्या चार्जिंगच्या भोकात

"बोर्ड गेलाय, नऊ हजार होतील." चार्ज होईना म्हणून दाखवायला नेलेल्या, सेकंडहँड घेतलेल्या लेनोवोच्या टी४८० लॅपटॉपचं दुकानातलं हे निदान, तेही मशीन न उघडता. शेवटी खर्च शून्य रुपये आला. लागली ती एक सरळ केलेली यू-क्लिप. आठ महिन्यांचा अनुभव लिहायला मुहूर्त लागला तो यामुळे, आणि पुढे चार्जिंगवर प्रमाणाबाहेर लिहिलेलं दिसेल तेही यामुळेच.

आधी इलाज. चार्जर काढा, मागची काढता येणारी बॅटरी काढा. लॅपटॉप उलटा केला की बुडाला टाचणीएवढं रिसेटचं भोक दिसतं. त्यात क्लिप घालून काही सेकंद हलकेच दाबा, मिनिटभर थांबा, बॅटरी बसवा आणि चार्जर या वेळी दुसऱ्या टाइप-सी पोर्टात लावा. डाव्या बाजूला दोन टाइप-सी आहेत आणि चार्जिंग दोन्हींतून होतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कमी-जास्त व्होल्टेज देणाऱ्या फालतू चार्जरने आतलं पॉवर सर्किट अडून बसतं. रिसेटने ते मोकळं होतं. एवढं करूनही दोन्ही पोर्ट मुके राहिले, तर मग बोर्डाची भाषा सुरू करायची.

आता चार्जर. रिफर्बिश्ड (जुन्या, नीट करून परत विकलेल्या) मशीनबरोबर दुकानं बहुतेकदा लोकल चार्जर देतात. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ५, ९, १५ व्होल्टच्या ओळी असतील; शेवटची ओळ २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट, अशी हवी. ४५ वॉटवरही काम भागतं, पण मशीन वापरात असताना बॅटरी गोगलगाईच्या गतीने भरते. २० व्होल्टची ओळच नसेल तर चार्जर तिथेच परत करा. "माझ्या फोनचा चार्जर ८० वॉटचा आहे, मग चालेलच की" हा हॉस्टेलवरचा सर्वांत मोठा गैरसमज. फोनवाल्यांचे हे मोठे आकडे बऱ्याचदा त्यांच्या खासगी पद्धतीचे असतात. लॅपटॉपला समजते ती यूएसबी पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीतून चार्जिंगची सर्वांना समान पद्धत), आणि पीडीत तोच चार्जर अनेकदा जेमतेम फोनपुरता निघतो. चार्जरचं भोक जुन्या चपट्या यूएसबीचं असेल, तर पीडीचा विषयच संपला.

केबलचंही तसंच. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंतच. पूर्ण ६५ हवे असतील तर आत ई-मार्कर चिप (केबलला किती झेपतं ते चार्जरला सांगणारी) असलेली ५ अँपिअरची केबल लागते. पाच वॉटने आभाळ कोसळत नाही, पण पन्नास रुपयांची केबल घेऊन "बॅटरी खराब निघाली" म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

मुख्य दुखणं वेगळंच आहे. ही दोन्ही पोर्ट मदरबोर्डवर थेट झाळलेली आहेत, वेगळी सुटी पट्टी नाही. जुन्या थिंकपॅडचा चौकोनी चार्जिंग जॅक वायरीसकट बदलता यायचा, इथे ती सोय गेली. पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलं की केबलवर आडवा दाब येतो आणि तो सगळा त्या झाळकामावर जातो. म्हणून पहिल्याच दिवशी काटकोनात वळलेली टाइप-सी केबल घ्या. लोहचुंबकाने चिकटणारी टोकं दिसायला भारी वाटतात, पण ती टाइप-सीच्या नियमांत बसत नाहीत. उघड्या पिनांत धूळ किंवा लोखंडाचा कण बसला तर शॉर्ट व्हायची भीती. ६५ वॉटला तो खेळ नको.

दुसरं दुखणं सॉफ्टवेअरचं, आणि जुनं मशीन घेणाऱ्याने ते माहीत असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थिंकपॅडच्या त्या पिढीत थंडरबोल्ट (टाइप-सीतून चालणारी जलद जोडणी) सांभाळणाऱ्या कंट्रोलर चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता. त्यामुळे कंट्रोलरची छोटी फ्लॅश चिप कालांतराने बिघडायची आणि मग पोर्ट काम करेनासं व्हायचं, चार्जिंग अडखळायचं, बाहेरचा मॉनिटर दिसायचा नाही, मशीन चालू व्हायला उगाच वेळ लागायचा. लेनोवोने त्यावर तातडीचं अपडेट काढलं. पण ऑफिसातून निघालेल्या मशीनला ते कुणी टाकलं असेलच असं नाही. चिप बिघडण्याआधी अपडेट केलं तर दहा मिनिटांचं काम. बिघडल्यावर चिपवर बाहेरून प्रोग्रामर लावून लिहावं लागतं, आणि ते प्रत्येक गल्लीतल्या दुकानाला जमत नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायच्या घाईत विंडोज पुसू नका. आधी विंडोजमध्येच कंपनीचं अपडेटचं साधन चालवून बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि थंडरबोल्ट फर्मवेअर दोन्ही ताजे करा. त्या वेळी बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. विंडोज आधीच पुसलं असेल, तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एफडब्ल्यूअपडीएमजीआर गेट-डिव्हायसेस (fwupdmgr get-devices) दिल्यावर थंडरबोल्ट कंट्रोलरची आवृत्ती दिसते.

हाच लॅपटॉप का, याचं गणित सोपं आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं, आणि आठव्या पिढीचा टी४८० बरोबर उंबरठ्याच्या आतल्या बाजूला आहे. त्याचा थोरला भाऊ टी४७० दिसायला जवळजवळ तसाच, दुकानात दोन-तीन हजारांनी स्वस्त, पण सहाव्या-सातव्या पिढीचा. शिवाय सातव्या पिढीच्या आय५-७२००यूमध्ये दोन कोअर, आठव्याच्या आय५-८२५०यूमध्ये चार. नुसतं "आय-फाइव्ह आहे" ऐकून पैसे मोजू नका, पूर्ण नंबर वाचा. या टी४८०ला साधारण वीस हजार गेले. स्वस्तातल्या नव्या मशीनमध्ये बऱ्याचदा रायझन ३ ७३२०यू हा प्रोसेसर मिळतो. नावात ७ असला तरी आतले कोअर जुन्या झेन २ रचनेचे, आणि रॅम बोर्डावर झाळलेली, म्हणजे ८ जीबी घेतली तर जन्मभर ८ जीबी. टी४८०ला डीडीआर४चे दोन स्लॉट आहेत. पण एक इशारा: २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. "नंतर टाकू" म्हणण्यापेक्षा १६ जीबीवालं मशीनच किती जास्तीला मिळतं ते आधी विचारा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तापकीर गल्लीत जा नाहीतर ऑनलाइन मागवा, पैसे देण्याआधी (किंवा परतीची मुदत संपण्याआधी) पंधरा मिनिटं ठिय्या मारून हे बघा.

चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये शिरा. सुपरवायझर पासवर्ड (बायोसचं कुलूप) मागितला तर उठून चालू पडा. तो घरी पुसता येत नाही, सीएमओएसची (बोर्डावरची छोटी गोल) बॅटरी काढूनही जात नाही. मग इंटरनेट जोडून विंडोज नव्याने सेट करा. मध्येच एखाद्या अनोळखी कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं, तर मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. दुकानदार इंटरनेट न जोडता सेटअप करून देतो तेव्हा हे झाकलं जातं.

लायसन्स: कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय (slmgr /dli) द्या. खिडकीत ओईएम-डीएम चॅनेल दिसलं तर लायसन्स बायोसमधलं, खरं. व्हॉल्यूम केएमएस-क्लायंट (मोठ्या संस्थांसाठीचं लायसन्स) दिसलं तर बहुतेक दुकानदाराने जुगाड मारलाय. असं असलं तरी बायोसमध्ये मूळ लायसन्स-की असू शकते. स्वच्छ विंडोज टाकलं की ती आपोआप उचलली जाते.

बॅटरी: पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) दिलं की दोन बॅटऱ्यांची मूळ आणि सध्याची क्षमता दिसते. आतली २४ वॉट-अवर, बाहेरची २४, ४८ किंवा ७२. आतली मूळ क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या खाली असेल तर भाव पाडा. पडदा १३६६ बाय ७६८चा असेल तर घेऊच नका. बाजूने बघितलं की रंग उलटे होतात आणि पीडीएफ वाचून डोळे जातात.

बॅटरीबद्दल मत बदललं. सुरुवातीला ७२ची मोठी बॅटरी हवीच असं वाटायचं. ती खाली कुबडासारखी निघते, मशीन मागून उचललं जातं, बॅगेच्या कप्प्यात अडकतं. आता ठाम मत: २४च्या दोन छोट्या बॅटऱ्या घ्या. आतली बॅटरी जिवंत असते, त्यामुळे लेक्चर चालू असतानाच, मशीन बंद न करता बाहेरची बदलता येते. आणि चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा. विंडोजमध्ये कंपनीच्या ॲपमध्ये सोय आहे. लिनक्समध्ये टीएलपी (बॅटरी सांभाळणारं साधन) टाकून सुरुवात ७५, शेवट ८० द्या. बॅट० म्हणजे आतली, बॅट१ म्हणजे बाहेरची, दोन्हींना वेगवेगळं द्यावं लागतं. एकीलाच दिलं की दुसरी रोज शंभरला टेकते.

ऑपरेटिंग सिस्टिमवर तर दोनदा पलटी मारली. पहिले तीन महिने विंडोज ११ मुख्य आणि लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा अवतार) हौसेपुरतं. ८ जीबीवर मीटिंग, दहा टॅब आणि वर्ड एकत्र उघडलं की विंडोज रडायला लागतं, मिंट त्याच मशीनवर निवांत असतं. चौथ्या महिन्यापासून मिंट मुख्य झालं. मिंट २२चा पाया उबुंटू २४.०४चा आहे आणि सपोर्ट २०२९पर्यंत. सी, पायथन, जावा, डेटाबेसची प्रॅक्टिकलं यावर विंडोजपेक्षा सरळ होतात.

मग विंडोज पुसून टाकायचं? तेव्हाचं उत्तर "हो" होतं, ते चुकलं. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, टॅली, मॅक्रोवाल्या एक्सेल फायली आणि परीक्षेचे लॉकडाउन ब्राउझर यांच्यापुढे लिनक्सचं चालत नाही. आणखी एक खास आपल्याकडचं: कॉलेज-कार्यालयांतून येणाऱ्या श्री-लिपी किंवा कृतिदेवमधल्या फायली. त्या युनिकोड नसतात, फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसता कचरा दिसतो. तेव्हा दोन्ही ठेवा. ५१२ जीबी असेल तर विंडोजला दीडशे भरपूर झाले.

ड्युअल बूट करताना विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन लिहिता येत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा, मग एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून मिंट. झाल्यावर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे जाईल. बायोस बिघडलेलं नाही, लिनक्स तिथे जागतिक वेळ लिहितं. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ (timedatectl set-local-rtc 1) दिलं की भांडण मिटतं.

मराठी टायपिंग मिंटमध्ये चांगलं आहे. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट घेतला की "दऱ्या"मधल्या ऱ्यसाठी शिफ्ट-जे, डी आणि स्लॅशची कळ, एवढंच. लिबरऑफिसमध्ये मात्र भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडा, नाहीतर फॉन्ट बदलला तरी देवनागरी अक्षरं ढिम्म हलत नाहीत.

यूट्यूबवर लेक्चर लावलं की पंखा घोंघावतो? या पिढीच्या ग्राफिक्सला एव्ही१ (व्हिडिओ दाबून छोटा करायची नवी पद्धत) स्वतः उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. फायरफॉक्सच्या अबाउट कॉन्फिगमध्ये मीडिया डॉट एव्ही१ डॉट एनेबल्ड (media.av1.enabled) फॉल्स करा, यूट्यूब जुन्या व्हीपी९ पद्धतीत व्हिडिओ देतं आणि पंखा गप्प बसतो. बोटाच्या ठशाचा सेन्सर मिंटवर सरळ चालत नाही. तासभर खटपट करून चालवण्यापेक्षा पासवर्ड टाइप करा.

आता परत त्या भोकाकडे. महिन्यातून एकदा लाकडी टूथपिकने, मशीन बंद करून आणि बाहेरची बॅटरी काढून, पोर्टातला लिंट काढा. बॅगेतला कापसासारखा कचरा तळाशी दाबून बसतो, प्लग पूर्ण आत जात नाही आणि "लूज झालंय" असं वाटतं. प्लग बसल्यावर त्याची धातूची कड दिसत असेल तर आत कचरा आहे. कचरा काढूनही प्लग वरखाली हलला तर झाळकाम सुटत चाललंय. त्या दिवसापासून रोजचं चार्जिंग दुसऱ्या पोर्टावर न्या आणि पहिलं फक्त पेनड्राइव्हला ठेवा. नुसतं पोर्ट बदलून देणारा, हॉट एअर स्टेशन आणि मायक्रोस्कोप असलेला कारागीर मोबाइल रिपेअरच्या गल्लीतही मिळतो, आणि तो नऊ हजार मागत नाही.