चार पौंडी फ्लोरोकार्बन: चार महिन्यांनंतर

गोठलेल्या पाण्यावर बसून, बर्फातल्या भोकातून मासेमारी चालली होती. मासा भोकाशी आला होता. आधी बर्फाखाली सोनेरी कूस चमकली, मग डोकं वर वळलं. मी हातमोजा काढून हात खाली घातला आणि काठी एकदम हलकी झाली. वॉलाय, फार तर किलोभराचा. फ्लोरोकार्बनच्या, म्हणजे मासेमारीच्या पारदर्शक प्लास्टिक दोरीच्या, डबीवर चार पौंड लिहिलंय, म्हणजे पावणेदोन किलोच्या वर. मग तुटली कशी?

त्याच संध्याकाळी कंपनीला लांबलचक तक्रार पाठवली. उत्तरात माफी नाही, नवी डबी नाही, उलट एक प्रश्न: तुटलेलं टोक कसं दिसतंय? टोक रीळावर तसंच होतं. भिंगाखाली धरलं तर डुकराच्या शेपटीसारखा बारीक पीळ. दोरी तुटते तेव्हा टोक असं दिसत नाही. असा पीळ म्हणजे गाठ सुटलेली. फ्लोरोकार्बन कडक आणि गुळगुळीत, त्यामुळे गाठ ओली करून सावकाश आवळावी लागते. कोरडी खेचली की घर्षणाने तापते आणि दोरी तिथेच अधू होते, नाहीतर गाठ नीट बसतच नाही. उणे १५ मध्ये दोरी जिभेवर धरायला मी तयार नव्हतो, म्हणून कोरडीच आवळलेली. चूक माझी. कंपनीला मात्र ते कळवलं नाही, कारण उत्तराचा सूर मला आवडला नाही.

तर गाठीचं प्रकरण मिटलं. माझं खरं भांडण वेटोळ्यांशी आहे.

बर्फावरचं रीळ लहान असतं. त्यावर दोरी आठवडाभर पडून राहिली की रीळाचाच गोल आकार धरते, आणि थंडीत कडक झाल्यावर तो सोडत नाही. उन्हाळ्यात जड आमिष दूर फेकलं की ही वळणं ताणली जातात. इथे फेकणं नाहीच. दीड-दोन ग्रॅमचा जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, सरळ खाली सोडायचा. एवढ्याशा वजनाने वेटोळी सरळ होत नाहीत, आणि दोरी स्प्रिंगसारखी लोंबत राहते. पर्च माशाने जिग हलकेच तोंडात घेतला तर आधी ही वळणं सरळ होणार, मग काठीचं टोक हलणार. तोवर पर्चने तो थुंकलेला असतो. ध्वनियंत्राच्या पडद्यावर मासा जिगला चिकटलेला दिसतोय आणि टोक ढिम्म, असा तमाशा मी पूर्ण जानेवारी पाहिला. टंगस्टनचे जिग घेतले. शिशापेक्षा धातू जड, त्यामुळे तेवढ्याच आकारात वजन जास्त. थोडा फरक पडला, खिशाला जास्त पडला.

त्यात पिळाची भर. साध्या स्पिनिंग रीळावर दोरी स्थिर चकतीभोवती गुंडाळली जाते, म्हणून तिला पीळ बसतो. मासा ओढत असताना आपण हट्टाने मूठ फिरवत राहिलो तर आणखी. मग जिग खाली भिंगरीसारखा गरगरतो. मासा येतो, बघतो, परत जातो. चकती चाकासारखी फिरणारं इनलाइन रीळ घेतलं की हा त्रास जवळपास संपतो, पण एका दोरीपायी नवं रीळ घ्यायला माझं मन धजलं नाही.

वैतागून ब्रेडेड दोरी लावून पाहिली. ती जवळजवळ ताणतच नाही, वेटोळी नाहीत, वीस मीटर खालची चुळबूळ बोटाला कळते. पहिला तासभर मी खूष होतो. मग वारा सुटला. ही दोरी बारीक धाग्यांची विणलेली, त्या विणीत पाणी धरून ठेवते आणि बाहेर आल्याबरोबर गोठते. दोरीवर बर्फाचे मणी, काठीच्या कड्या बुजलेल्या, रीळ म्हणजे पांढरा गठ्ठा. काठीचं टोक मिनिटभर भोकात बुडवलं की कड्या मोकळ्या होतात, कारण खालचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार. पण दर पाच मिनिटांनी? शिवाय बर्फाच्या धारेवर ती घासली की तिचे धागे लगेच पिंजतात. तेव्हा मी ठरवलं, ब्रेडेड बाद.

ते मत फेब्रुवारीत मागे घेतलं. एका मित्राच्या तंबूत, शेगडीजवळ बसायला मिळालं, आणि तिथे हीच दोरी लोण्यासारखी चालली. म्हणजे दोष दोरीचा कमी आणि उघड्यावर बसणाऱ्याचा जास्त. तंबू असेल तर खोल पाण्यासाठी डोळे मिटून ब्रेडेड घ्या. उघड्यावर बसत असाल तर फुकट मिळाली तरी नको.

साधा नायलॉनचा तंगूस मी शेवटी लावला, तोही उन्हाळ्यातला उरलेला. तो पाणी पितो, ओला झाला की थोडा कमजोर होतो, आणि रबरासारखा ताणतो. खोल पाण्यात हे वाईट. पण चार-पाच मीटरवर, दोन फुटी काठीने मासा ओढताना हाच ताण धक्का पचवतो. थंडीत हाताला मऊ लागतो आणि गाठ धरतो. वेटोळी त्यालाही पडतात, पण निघतात: टोक घट्ट बांधून दहा-पंधरा पावलं मागे जायचं आणि अर्धा मिनिट ताणून धरायचं. फ्लोरोकार्बनवर हा उपाय दुपारपर्यंत टिकला, तंगुसावर दिवसभर.

मग फ्लोरोकार्बन टाकून द्यायची का? नाही, पैसे मोजलेत. पाण्यात ती तंगुसापेक्षा कमी दिसते, पाणी शोषत नाही, बर्फाच्या धारेला जास्त टिकते. हे गुण लागतात ते शेवटच्या हातभर दोरीला, रीळावरच्या चाळीस मीटरना नव्हे. म्हणून आता रीळावर तंगूस, मग एक बारीक फिरकी (दोन्ही टोकं वेगवेगळी फिरणारी कडी), मग ६० सेंटीमीटर फ्लोरोकार्बन. पीळ फिरकीत सुटतो, जिग स्थिर राहतो, आणि एवढ्याशा तुकड्याला वेटोळं पडलं तरी दोन बोटांत ओढून सरळ होतं. तुकडा काठीपेक्षा लांब ठेवू नका. फिरकी टोकाच्या कडीत अडकते आणि मासा भोकाच्या तोंडाशी लटकत राहतो. हेही अनुभवानेच. पाईक माशाचे दात असतील तिथे अर्थातच तार लावा.

डबी शंभर मीटरची. रीळावर चढवलेले चाळीस मीटर वाया गेले, हे अजून सलतं. उरलेत साठ, म्हणजे ६० सेंटीमीटरचे शंभर तुकडे. एका हिवाळ्यात माझे दहाच्या वर जात नाहीत. म्हणजे त्या कंपनीला माझ्याकडून पुढचा पैसा दहा वर्षांनी मिळेल, आणि तोवर मी गाठ थुंकी लावूनच आवळणार आहे.