मेग्वायर्सचं कंपाउंड आणि सोल्यूशन फिनिश: दुर्लक्षित गाडीवर कुठवर चालतात, कुठे थांबतात

सात-आठ वर्षं उन्हापावसात उघड्यावर उभी असलेली आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसून काढलेली गाडी पुन्हा बघण्यालायक करायची, तर दोन वेगळी दुखणी असतात. रंगावरचे चरे हे एक. बंपर, आरसे आणि वायपरखालच्या पट्टीचं काळं प्लॅस्टिक राखाडी पडणं हे दुसरं. एकाच बाटलीत दोन्ही बरी होत नाहीत, डब्यावर काहीही छापलेलं असो. म्हणून इथे दोन बाटल्या घेतल्या आहेत: रंगासाठी मेग्वायर्स अल्टिमेट कंपाउंड (४५० मिली), म्हणजे रंगाचा वरचा थर बारीक घासून चरे काढणारी पेस्ट, आणि प्लॅस्टिकसाठी सोल्यूशन फिनिश, म्हणजे राखाडी प्लॅस्टिक पुन्हा काळं करणारं द्रव. पहिली बाटली डोळे मिटून घ्या. दुसरी थोडा विचार करून.

आधी कंपाउंड. स्पेअर पार्टच्या दुकानात डब्यात मिळणारी रबिंग पेस्ट जाड दाण्याची असते. ती चरे काढते, पण स्वतःचे बारीक ओरखडे मागे ठेवते आणि मग ते काढायला वेगळं पॉलिश लागतं. अल्टिमेट कंपाउंडचे कण बारीक आणि एकसारखे असतात, त्यामुळे कापतं बऱ्यापैकी आणि मागे धुरकटपणा फारसा राहत नाही. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीला यानंतर थेट वॅक्स लावलं तरी चालतं. काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीवर मात्र मऊ पॅडने मेग्वायर्सच्याच अल्टिमेट पॉलिशचा एक हात फिरवावा लागतो, नाहीतर दुपारच्या उन्हात हलकी धुरी दिसत राहते. कंपाउंडमध्ये संरक्षण काहीच नसतं. वरून वॅक्स किंवा सीलंट (रंगावर बसणारा संरक्षक थर) लावलं नाही, तर केलेलं काम पहिल्या पावसाळ्यातच फिकं पडायला लागतं.

आता मर्यादा, कारण पैसे वाया जातात ते इथेच. रंगाचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. केस याहून जाड असतो. एकदा कंपाउंड केलं की यातले काही मायक्रॉन जातात. चरा काढायचा म्हणजे आजूबाजूचा थर त्या चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, दुसरी काही जादू नाही. चऱ्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा निघेल. जेमतेम अडकलं तर पुसट होईल, जाणार नाही. आत पांढरा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर कंपाउंडची बाटली बंद करून ठेवा. दुसरी खूण पाण्याची: चरा ओला केल्यावर दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरातच आहे. बॉनेटवर किंवा छतावर क्लिअर कोटच पापुद्रे धरून सुटत असेल, तर कुठलंही कंपाउंड, कुठलंही कोटिंग उपयोगाचं नाही. तो पॅनल पेंटरकडेच जातो.

जुन्या गाड्यांचे साधे, बिनमेटॅलिक रंग बरेचदा एकाच थराचे असतात, वर क्लिअर कोट नसतोच. अशा लाल गाडीवर कंपाउंड घासलं की पॅड लाल होतं. घाबरू नका. वरचा करपलेला रंग निघतोय आणि खालून ताजा वर येतोय. पण रंगच घासला जातोय हे लक्षात ठेवून हात आवरता घ्या.

बाटली उघडण्याआधीचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. गाडी दोन बादल्यांनी धुवा, एकीत शॅम्पू आणि दुसरीत मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) धुवायला साधं पाणी. धुतल्यावर बॉनेटवर तळवा फिरवला आणि खरखर लागली, तर ती धुळीची नाही. ब्रेकचा लोखंडी चुरा, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक रंगात घट्ट बसलेला असतो. क्ले बार, म्हणजे अशी घाण ओढून घेणारी मऊ वडी, शॅम्पूच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने पुढे-मागे फिरवा. काही मिनिटांत क्लेवर तपकिरी ठिपके दिसतात. क्लेची ती बाजू आत दुमडून नवी बाजू बाहेर काढा, आणि क्ले जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग क्लेने निघत नाहीत. तिथे पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन सावलीत लावा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. ही पायरी टाळून थेट मशीन फिरवलं, तर तीच खरखर पॅडखाली येते आणि नवे चरे पाडते.

हाताने हे कंपाउंड चालतं, पण एखाद्या हँडलमागचे नखांचे चरे किंवा बंपरच्या कोपऱ्याचा घासा एवढ्यापुरतंच. अख्खी गाडी हाताने करायला घेतली, तर खांदा भरून येतो आणि निकाल ठिगळ-ठिगळ दिसतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल आणि डगमगत फिरवणारं पॉलिशिंग मशीन) घ्या, पाच इंची फोमचे किमान पाच पॅड घ्या. नव्या पॅडवर कंपाउंड पातळ चोळून पॅड ओलसर करा, मग चार वाटाण्याएवढे थेंब पुरतात. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट जागा. सर्वांत कमी वेगावर पसरवा, मग वेग चार-पाचवर नेऊन आधी आडव्या, मग उभ्या अशा चार ते सहा फेऱ्या, सेकंदाला इंचभर इतक्या सावकाश. हलका ते मध्यम दाब पुरे, फार जोर नको. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने झाडा. निकाल फिका येण्याचं सर्वात मोठं कारण पॅड चोंदणं हेच असतं, आणि लोक दोष बाटलीला देतात. एवढं पाळलं तर छोट्या हॅचबॅकला १०० मिलीच्या आसपास कंपाउंड लागतं आणि दिवस मोडतो.

उन्हात अजिबात नको. गरम पत्र्यावर कंपाउंड वाळतं, पांढरी भुकटी उडते आणि काचेभोवतीच्या रबरी बीडिंगच्या फटीत जाऊन बसते. पॅनलच्या कडा आणि दाराची धारदार रेघ यांच्यावर रंगाचा थर पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने उष्णता पसरत नाही आणि रंग पटकन तापतो, म्हणून वेग एकाने कमी ठेवा.

भागाचं काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी तीन भाग या मिश्रणाने पुसून टॉर्च मारून बघा. कंपाउंडमधलं तेल चरे बुजवून दाखवतं, ते गेल्यावर खरं काय ते कळतं. गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून मिळतं, त्याचीही ही परीक्षा घ्यावी. रोटरी मशीन (पॅड नुसतं गोल फिरवणारं), लोकरीचं पॅड, जाड पेस्ट आणि वर सिलिकॉनचा मुलामा असं ते काम असेल, तर दोन धुण्यांनंतर उन्हात गोल-गोल सावल्या दिसायला लागतात. आपण केलेल्या कामाचीही तीच अवस्था होऊ शकते, म्हणून हा पुसण्याचा टप्पा वगळू नका.

नख अडकणाऱ्या चऱ्यांसाठी कंपनीच्या कलर कोडचं टच-अप पेन. चरा अल्कोहोलने पुसा, गंज असेल तर खरवडून प्रायमर लावा. पेनाच्या ब्रशपेक्षा टूथपिकने रंग चऱ्यातच सोडा, दोन-तीन पातळ हात, मध्ये तासभर थांबून. आठवडाभराने २५०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासून पातळी आणा आणि मग कंपाउंड. साध्या पांढऱ्या रंगात हे छान जमतं. सिल्व्हरमध्ये मेटॅलिकचे कण वेगळ्या दिशेने बसतात, ठिपका जवळून दिसणारच.

आता काळं प्लॅस्टिक. डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायर शायनर बंपरवर फासणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. सिलिकॉनचा तो थर दोन पावसांत ओघळतो आणि दारावर तेलकट रेघा ठेवून जातो. हीट गनने प्लॅस्टिक काळं होतं खरं, पण काही महिन्यांत राखाडीपणा परततो आणि वाकडं झालेलं प्लॅस्टिक सरळ होत नाही. उन्हाने प्लॅस्टिकचा वरचा थर खडूसारखा होऊन काळेपणा उडालेला असतो, त्यामुळे तो परत घातल्याशिवाय गत्यंतर नाही. सोल्यूशन फिनिश नेमकं तेच करतं. एक औंसाची, म्हणजे सुमारे ३० मिलीची बाटली, पण वापर थेंबांनी.

यातही तयारीच निर्णायक. ऑल पर्पज क्लीनर एकाला दहा पाणी, कडक ब्रश, फेस तपकिरी येणं थांबेपर्यंत घासणं. जुन्या वॅक्सचे पांढरे डाग दाणेदार प्लॅस्टिकच्या खाचांत असतात, ते साध्या खोडरबरने निघतात. मग पूर्ण कोरडं, मग अल्कोहोल. थोडा जरी जुना सिलिकॉन राहिला, तरी तिथे काळेपणा बसत नाही आणि पट्टे पडतात. रंगाला लागून टेप, हातात मोजे, खाली जुने वर्तमानपत्र. ही शाई फरशीवरून निघत नाही. फोमच्या तुकड्यावर दोन-तीन थेंब, पातळ चोळा, दोन मिनिटांनी जास्तीचं पुसा. लगेच चकचकीत दिसावं म्हणून जाड थर दिला तर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. २४ तास पाणी नको, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये झाकलेलं पार्किंग असेल तरच हे काम काढा.

दाणेदार, पिणाऱ्या प्लॅस्टिकवर निकाल उत्तम: नव्यासारखा मॅट काळा, चमचम नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकवर तेवढा धरत नाही, आणि रंगवलेल्या ट्रिमवर (बाहेरच्या पट्ट्या-कडांवर) लावूच नये. तक्रार किमतीची आणि मिळण्याची. इथे हे आयातीवर अवलंबून आहे आणि दुकानागणिक भाव बदलतो. फक्त दोन आरसे आणि वायपरखालची पट्टी करायची असेल, तर सिरॅमिक ट्रिम कोटचे (प्लॅस्टिकवर कडक पातळ थर देणाऱ्या द्रवाचे) एकवेळचे वाइप्स स्वस्त पडतात आणि तेही टिकतात. चारी व्हील आर्च (चाकांवरच्या कमानी), दोन्ही बंपर आणि दारांच्या पट्ट्या काळ्या असलेल्या एसयूव्हीला मात्र ही बाटलीच परवडते.

सगळं झाल्यावर धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यावर हलणारं कव्हर खालची धूळ घासत राहतं, आणि बाजूच्या पॅनलवरचे बरेच चरे तिथूनही येतात.